उन्हाळ्यात लहान मुलांना घेऊन तंबूत राहणं: गेल्या वेळी धाकटीला ऊन लागलं, यंदा जावं का?

रानपाखरू

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आज मुलं लवकर झोपली आहेत, तर लिहूनच टाकते. जरा मोठं होईल.

आम्ही चौघं. थोरला सहा वर्षांचा, धाकटी आता चारची होईल. गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच तंबू घेऊन दोन रात्रींसाठी बाहेर पडलो. जागा छान होती, ओढा जवळ, झाडं थोडी लांब. पहिली रात्र फार सुंदर गेली. दोघंही तंबूच्या जाळीतून चांदण्या मोजता मोजता झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळभर ओढ्याकाठी खेळत होती. वारा होता, त्यामुळे घाम असा दिसलाच नाही. एकच्या सुमारास धाकटी पेंगायला लागली म्हणून मी तिला तंबूत नेऊन झोपवलं. उन्हातून सावलीत नेतेय, एवढंच डोक्यात होतं.

पाऊण तासाने चेन उघडली तर भट्टीचं दार उघडावं तशी हवा तोंडावर आली. ती जागी होती. रडत नव्हती, हाक मारली नव्हती, नुसती पडून बघत होती. चेहरा लालबुंद, मानेवरचे केस चिकटलेले, आणि चटईवर तिच्या पाठीचा ओला ठसा. पाण्याची बाटली उशाशीच होती, तिला हात लावलेला नव्हता. डायपर सकाळी आठला बदलला होता, तो तसाच कोरडा.

बाहेर झाडाखाली आणलं, ओल्या फडक्याने अंग पुसत राहिलो, चमच्याने पाणी पाजलं आणि गाडीत घालून डॉक्टरांकडे गेलो. उष्णतेने थकवा आलाय, वेळेवर आणलंत, म्हणाले. संध्याकाळी ती खेळायला लागली. मला मात्र तो कोरडा डायपर अजून डोळ्यांसमोर येतो.

यंदा थोरला रोज विचारतो, आपल्या कापडाच्या घरात कधी जायचं? नवऱ्यालाही जावंसं वाटतंय. मला नको आहे असं नाही, पण त्या दुपारी नेमकं काय चुकलं ते कळल्याशिवाय माझं पाऊल उचलत नाही. तंबू इतका का तापला? पाणी किती पुरतं? आणि मूल स्वतः सांगत नसेल तर आपल्याला कळायचं कसं?

डोंगरवाट

तंबूचं सांगतो. पंधरा-सोळा वर्षं तंबू ठोकतोय, आणि पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत मीही हेच केलं होतं.

तंबू म्हणजे सावली नव्हे. ऊन पातळ कापडातून आत उतरतं, आतली जमीन, चटई, पांघरुणं तापतात, आणि त्या गरम हवेला बाहेर पडायला वाट नसते. झाडाखाली बसलेल्याला वारा लागतो, तंबूतल्याला लागत नाही. आमच्याकडे एक नियम आहे: सकाळी ऊन तंबूवर आलं की तंबू रिकामा, आणि ऊन उतरेपर्यंत आत कोणी झोपायचं नाही. मोठ्यांनीसुद्धा नाही. दुपारची झोप झाडाखाली चटईवर.

दुसरं, बहुतेक लोक संध्याकाळी पोचतात आणि तेव्हाची सावली बघून जागा ठरवतात. ती सावली सकाळी कामाची नसते. मोबाइलमधलं होकायंत्र काढा आणि तंबूच्या पूर्वेला दाट झाड येईल अशी जागा धरा. सातचं ऊन थेट कापडावर आलं नाही की मुलांना सकाळची आणखी एक-दीड तासाची झोप मिळते, आणि तेवढ्यावर त्यांचा अख्खा दिवस सुधारतो. दुपारी बसायची जागा वेगळी शोधा. सावली सरकते, तेव्हा चटईही सरकवायची तयारी हवी.

ताडपत्री बांधणार असाल तर उंच बांधा आणि दोन बाजू मोकळ्या ठेवा. झाड पानांवाटे पाणी सोडतं, त्याने भोवतालची हवा गार होते. ताडपत्री मात्र स्वतः तापते आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावर ती उष्णता सोडत राहते. तंबूवर आच्छादन म्हणून घातली तर कापडाला टेकू देऊ नका, हातभर पोकळी ठेवा. गरम हवा तिथूनच निघून जाते.

झाडाखाली ठोकताना आधी मान वर करून बघा. वाळलेली किंवा नुसती अडकून राहिलेली फांदी दिसली तर जागा बदला. आणि कोरड्या ओढ्याच्या पात्रात, वाळू कितीही मऊ वाटली तरी नको. पाऊस वर कुठेतरी पडतो आणि लोंढा खाली येतो.

शुभ्रकमळ

रानपाखरू, मी मुलांची डॉक्टर आहे. तुम्ही वर्णन इतकं नेमकं लिहिलंय की सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

लहान मूल सांगत नाही, कारण त्याला ते कळतच नाही. खेळात रमलेलं मूल तहान विसरतं, आणि उष्णता वाढली की ते मलूल होतं, गप्प होतं. आपल्याला वाटतं दमलंय, झोप आलीये. तुमची मुलगी पेंगायला लागली ती कदाचित झोपेने नसेलही. म्हणून उन्हात खेळलेलं मूल नेहमीच्या वेळेआधी पेंगलं, चिडचिडं झालं किंवा एकाएकी शांत झालं, तर आधी सावली, पाणी आणि ओलं फडकं. झोप नंतर.

मुलं मोठ्यांपेक्षा लवकर तापतात याचं कारण साधं आहे. वजनाच्या मानाने त्यांच्या अंगाचा पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे बाहेर अंगापेक्षा जास्त तापमान असेल तर उष्णता त्यांच्यात भराभर शिरते. घामही आपल्याएवढा येत नाही. वाऱ्याने घाम लगेच सुकतो, म्हणून तुम्हाला तो दिसला नाही, पण पाणी अंगातून जातच होतं. उलट दमट हवेत घाम दिसतो खूप, पण सुकत नाही, आणि सुकल्याशिवाय अंग गार होत नाही. दोन्हीकडे आपली नजर फसते.

त्यापेक्षा लघवीकडे लक्ष ठेवा. दिवसा जागेपणी चार-पाच तास डायपर कोरडा किंवा लघवी गडद पिवळी, म्हणजे पाणी कमी पडतंय. तोंड कोरडं, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल गेलेले, ही त्यापुढची पायरी.

पाणी किती? रोजच्या गरजेचा एक हिशोब आम्ही डॉक्टर १९५७ पासून वापरतो. पहिल्या १० किलो वजनाला किलोमागे १०० मिली, पुढच्या १० किलोंना किलोमागे ५० मिली. म्हणजे १४ किलोच्या मुलाला १२०० मिली, २० किलोच्या मुलाला १५०० मिली. यात दूध, रस, पातळ पदार्थ सगळं आलं. पण हा आकडा घरात शांत असलेल्या मुलाचा आहे. उन्हात धावणाऱ्याला यापेक्षा जास्त लागतं, तेव्हा याला किमान समजा. बाटली उशाशी ठेवून भागत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी आपण जवळ जाऊन चार घोट पाजायचे, खेळ थांबवून.

सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र वरचं पाणी नाही. आईचं दूध किंवा जे दूध चालू असेल तेच, पण जास्त वेळा.

रानपाखरू

पेंगणं झोपेचं नसेलही, हे वाचून पोटात खड्डा पडला. खरंच, रोज ती दोनशिवाय झोपत नाही. त्या दिवशी एकलाच मान टाकली होती.

ओआरएस बरोबर न्यावं का? आणि दवाखान्यात कधी पळायचं, घरगुती उपायांवर कधीपर्यंत थांबायचं?

शुभ्रकमळ

ओआरएसची पाकिटं जरूर न्या. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच कालवा. अर्ध्या पाण्यात अर्धं पाकीट अंदाजाने घालू नका, मीठ कमी-जास्त होतं. कालवलेलं २४ तासांनंतर टाकून द्या. पाकीट नसेल तर १ लिटर पिण्याच्या पाण्यात ६ सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. चमचा ५ मिलीचा. मीठ त्याहून एक कणही जास्त नको.

मूल पीत नसेल तर चमच्या-चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी. या कामाला नर्सच लागते असं नाही. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणी पिंपांतून ठेवलं आणि रुग्णांच्या घरच्यांनीच ते पाजलं. हजारो माणसं त्यावर तगली. साखर आतड्यातून आत जाताना मिठाला आणि त्याबरोबर पाण्याला ओढून नेते, म्हणून नुसत्या पाण्यापेक्षा याचा गुण जास्त. तेव्हा आईच्या हातातला चमचा कमी समजू नका.

आता पळायचं कधी. थकवा, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, घाम भरपूर, पण मूल भानावर आहे आणि बोलतंय: सावलीत आणा, कपडे काढा, अंगभर पाणी ओता, वारा घाला, थोडं थोडं पाजा. अर्ध्या तासात सुधारलं पाहिजे. सुधारलं नाही, उलट्या थांबत नाहीत, तर निघा.

मूल असंबद्ध बोलतंय, ओळखत नाही, चालताना तोल जातोय, आचके येतात किंवा जागं होत नाही, तर तो उष्माघात आहे. यात अंगाचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं. कातडी कोरडीच असेल असं नाही, घामेजलेलीही असते, त्यावर जाऊ नका. रुग्णवाहिकेला फोन, आणि फोन करता करताच पाणी ओतायला सुरुवात. मदत येईपर्यंत गार करत राहणं यावरच जीव तगतो. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाचं औषधही देऊ नका, हा ताप त्या जातीचा नाही, औषधाने उतरत नाही. काखेतला थर्मामीटर अशा वेळी कमी दाखवतो, त्याच्या आकड्यावर निश्चिंत होऊ नका.

सायसाखर२

वाचून बरोबर न्यायच्या यादीत ओआरएसची चार पाकिटं आणि ५ मिलीचा मोजणीचा चमचा टाकला. धन्यवाद, डॉक्टर.

स्पष्टवक्ता

मला मनापासून वाटतं ते लिहितो, कोणाला टोचावं म्हणून नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना भर उन्हाळ्यात मुक्कामाला न्यावंच कशाला? ऋतू बदलतात. चार महिने थांबलं तर काय बिघडतं? आपल्याला सुट्टी असते म्हणून आपण त्या जिवांना ओढत नेतो. माझ्या बहिणीचं बाळ दीड वर्षाचं असताना तिने असाच हट्ट केला होता. बाळाच्या अंगभर घामोळं उठलं आणि ते दोन रात्री झोपलं नाही.

डोंगरवाट

तुमचा मुद्दा पटण्यासारखा आहे, निदान अर्धा तरी. काही दिवशी जायचंच नसतं. पण ते महिना बघून ठरवण्यापेक्षा अंदाज बघून ठरवावं असं मला वाटतं. मी दिवसाचा पारा बघतोच, पण आधी रात्रीचा बघतो. दिवस तापला तरी सावलीत काढता येतो. रात्रही उकाड्याची असेल तर अंगाला उतारच पडत नाही आणि दुसऱ्या दिवशी मूल आधीच थकलेलं उठतं. रात्र गार होणार नसेल तर आम्ही रद्द करतो. तीन वेळा केलंय, त्यातल्या एकदा गाडीत सामान भरल्यावर.

उंचावर जाता येत असेल तर जा. साधारण हजार मीटर चढलं की हवा ६ ते ६.५ अंशांनी उतरते. मात्र तिथे अतिनील किरणं वाढतात, हजार मीटरला सुमारे १० टक्के. गार वाटतं म्हणून टोपी काढली जाते आणि पोरांचे कान, मान भाजतात.

स्पष्टवक्ता

रात्रीच्या तापमानाचा हिशोब माझ्या डोक्यात नव्हता. हे बहिणीला सांगतो. दीड वर्षाच्या बाळाबद्दल माझं मत मात्र तेच राहील.

शुभ्रकमळ

दीड वर्षाच्या बाळाबद्दल मीही तुमच्याच बाजूने आहे, रात्र गार नसेल तर.

किनारा

ओढा जवळ आहे असं वाचलं म्हणून पाण्याबद्दल लिहितेय.

आम्ही तीन कुटुंबं एकत्र गेलो होतो, सहा मोठी माणसं, पाच मुलं. सगळे काठावरच बसलो होतो. गप्पा चालू होत्या. माझा पुतण्या, तेव्हा चार वर्षांचा, आमच्यापासून दहा पावलांवर कंबरभर पाण्यात उभा होता, आणि मग पाय निसटून खाली गेला. आवाज नाही, हात हलवणं नाही, ओरडणं नाही. पाण्यावर त्याचं कपाळ आणि वर वळलेलं तोंड, बस. माझ्या जावेची नजर सहज तिकडे गेली म्हणून तो वाचला. सहा मोठी माणसं होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसरं कोणी बघतंय.

तेव्हापासून आमच्याकडे लाल टोपी आहे. ज्याच्या डोक्यावर लाल टोपी, त्याने फक्त मुलांकडे बघायचं. फोन नाही, गप्पा नाहीत, पाठ फिरवणं नाही. वीस मिनिटं झाली की टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायची आणि तोंडाने म्हणायचं, ‘आता तू’. त्याने ‘हो, आता मी’ म्हटल्याशिवाय हलायचं नाही. पाच वर्षांखालच्या मुलाजवळ एक माणूस हाताच्या अंतरावर, पाण्यातच. दंडाला घालायचे हवेचे फुगे हे खेळणं आहे, त्यांच्या भरवशावर सोडू नका. मापाचं लाइफ जॅकेट घ्या. खांद्याला धरून वर उचललं तर ते हनुवटीच्या वर सरकता कामा नये.

सायसाखर२

लाल टोपी आजच शोधून ठेवते. वाचताना काटा आला.

चांदणं_अंगणी

माझा अनुभव शेकोटीचा. रात्री निखाऱ्यांवर वाळू लोटून आम्ही झोपलो, विझली असं समजून. सकाळी सातला माझा मुलगा अनवाणी धावत त्याच वाळूवरून गेला. वर वाळू, खाली निखारे अजून धगधगत होते. वाळू उष्णता अडवून धरते, आत ती कितीतरी तास राहते, आणि वरून काही दिसत नाही. दोन्ही तळवे फोडांनी भरले. तो दोन पावलं गेला आणि मग खालीच बसला, ते बसणं मी विसरू शकत नाही.

आता वाळू कधीच नाही. बादलीभर पाणी, मग काठीने ढवळायचं, परत पाणी, आणि हाताचा पंजा वर धरून ऊब लागते का ते बघायचं. ऊब लागली तर आणखी पाणी. रान सुकं असेल, वारा असेल, तर शेकोटी पेटवायचीच नाही. कोणी भाजलंच तर २० मिनिटं वाहतं गार पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

आणि कृपा करून कोळशाची शेगडी किंवा गॅस तंबूत नेऊ नका, पाऊस आला तरी, विझत आलेली असली तरी. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो.

गारवा

गाडीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तंबू तापला म्हणून मूल गाडीत झोपवायचं मनात येतं. बंद गाडीत अजिबात नको, ‘पाच मिनिटांत येतो’ असंही नको. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेर २२ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात ४७ अंशांपर्यंत पारा गेला होता, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातलीच. काचा थोड्या खाली केल्याने फारसा फरक पडला नव्हता. बाहेर २२ असताना हे, आपण तर भर उन्हाळ्याचं बोलतोय.

मुक्कामी गाडीला कुलूप लावून किल्ली स्वतःकडे ठेवा. लपाछपीत मुलं डिकीत शिरतात.

अबोली_फुले

सनस्क्रीन आणि डासांचं औषध दोन्ही लावता का तुम्ही सगळे? माझी मुलगी दोन वर्षांची आहे आणि मला एवढी रसायनं नको वाटतात.

शुभ्रकमळ

आधी कपडे. सैल, पूर्ण बाह्यांचे, आणि मानेवर फडका येणारी टोपी. जेवढं अंग झाकलं तेवढं लावायला कमी उरतं. सहा महिन्यांखाली सनस्क्रीनपेक्षा सावलीच. त्यावरच्या मुलांना एसपीएफ ३० किंवा जास्त, बाहेर पडायच्या १५ ते ३० मिनिटं आधी, आणि दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. ३० वालं सुमारे ९७ टक्के आणि ५० वालं सुमारे ९८ टक्के अतिनील बी किरणं अडवतं, तेव्हा मोठ्या आकड्यापेक्षा परत लावण्याला महत्त्व द्या. ऊन किती कडक ते मुलांना शिकवायची सोपी खूण: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की झाडाखाली.

डासांसाठी डीईईटी हे रसायन असलेलं औषध दोन महिन्यांवरच्या मुलांना ३० टक्क्यांपर्यंत चालतं. आधी सनस्क्रीन, ते जिरल्यावर हे. मुलांच्या तळहातांना आणि डोळ्या-तोंडाजवळ नाही, कारण हात तोंडात जातात. झोपण्याआधी धुवून टाका. लिंबू-निलगिरीच्या तेलाचं औषध ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलं जातं, पण तीन वर्षांखाली ते लावू नये. मच्छरदाणी आणि पूर्ण बाह्या हेच लहान बाळांचं खरं औषध.

रोज रात्री टॉर्च घेऊन अंग तपासा: कानामागे, काखेत, जांघेत, केसांच्या मुळाशी. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, चटका काही नको.

डोंगरवाट

विजांचंही लिहून ठेवतो, उन्हाळ्यातली दुपार उलटली की ढग भरून येतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर खेळ बंद, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. तंबू विजेपासून वाचवत नाही, एकटं झाड तर नाहीच. पक्की इमारत, नाहीतर पत्र्याच्या छपराची गाडी, काचा बंद करून. या एका वेळी सगळ्यांनी गाडीत बसायचं.

रानपाखरू

किती लिहिलंत सगळ्यांनी. मी वहीत उतरवून घेतलंय. नवऱ्याला वाचून दाखवलं तेव्हा तो लाल टोपीपाशी आल्यावर बराच वेळ गप्प होता.

ठरवलंय: जायचं, पण एकच रात्र, घरापासून तासाभराच्या आत, आणि दवाखान्याचा रस्ता आधी गाडीने फिरून बघायचा. रात्रीचा पारा बघून आदल्या दिवशी नक्की करायचं. आणखी एक शंका. गेल्या वेळी पहिली रात्र मुलं झोपली खरी, पण धाकटी तीनदा दचकून उठली होती. त्यावर काही?

सायसाखर२

आमच्याकडे तंबू आधी घरात मांडला होता, गच्चीवर नाही, चक्क बैठकीच्या खोलीत. तीन रात्री मुलं त्यातच झोपली. चेनचा आवाज, कापडाची सळसळ, आतला तो वास, सगळं ओळखीचं झालं. नेताना त्यांची रोजचीच उशी आणि रोजचीच चादर न्या, नवीन नको. झोपायच्या आधीचा क्रम घरचाच ठेवा. आणि प्रत्येकाला स्वतःचा छोटा टॉर्च द्या, लहान मुलाला रात्री उजेड आपल्या हातात आहे याचा फार आधार असतो.

तंबूच्या दोऱ्यांना पांढरी फडकी बांधा. रात्री लघवीला उठलं की मुलं हमखास त्यात अडकून पडतात. पायात घालण्याआधी चपला-बूट झटकायची सवयही घरातूनच लावा.

किनारा

जेवणाचं एकच. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर शिजवलेलं अन्न बाहेर तासाभरापेक्षा जास्त ठेवून मुलांना देऊ नका. बर्फाच्या पेटीत चुऱ्यापेक्षा मोठी लादी जास्त टिकते. पिण्याच्या पाण्याची पेटी वेगळी ठेवा, म्हणजे दूध-जेवणाची पेटी सारखी उघडली जात नाही.

रानपाखरू

जाऊन आलो. काल संध्याकाळी परतलो, आज कपडे धुवून लिहायला बसले आहे.

तंबू तीन रात्री घरात मांडला होता, सायसाखर. तिसऱ्या रात्री धाकटी एकदाही उठली नाही. मुक्कामाला मात्र एकदा उठली, टॉर्च लावला, आम्हा तिघांच्या चेहऱ्यांवर फिरवला, सगळे आहेत बघून विझवला आणि झोपली. मी डोळे मिटून पडले होते, तिला कळू दिलं नाही.

झाड पूर्वेला धरलं होतं. सकाळी पावणेआठपर्यंत तंबूवर ऊन आलं नाही. आलं तसे आम्ही सगळं बाहेर काढलं आणि चेन लावून टाकली. थोरल्याने दारावर कागद चिकटवला, ‘तंबू झोपला आहे’. दुपारी अकरा ते चार झाडाखाली बसलो. चटई चार वेळा सरकवली. माझी सगळ्यात जास्त धास्ती याच पाच तासांची होती. गोष्टी झाल्या, ओल्या मातीची भांडी झाली, मग दोघंही उघड्यावरच झोपली, अंगावर ओली बनियनं. धाकटी बरोबर दोनला झोपली. घड्याळ बघून मला रडू आलं.

पाण्याला आम्ही युक्ती केली. दोघांच्या बाटल्यांवर रबराची चार-चार कडी चढवली, बाटली संपली की एक कडं काढायचं. संध्याकाळपर्यंत धाकटीची तीन कडी निघाली होती, दूध वेगळं. आता ती डायपर घालत नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी लघवीचा रंग थोरला आम्हाला ओरडून सांगत होता, अख्ख्या माळाला ऐकू जाईल असा. मी त्याला गप्प केलं नाही.

लाल टोपी नवऱ्याने पहिल्यांदा डोक्यावर घेतली आणि वीस मिनिटं तो घोटाभर पाण्यात उभा राहिला. माझी पाळी आली तेव्हा म्हणाला, ‘आता तू’. मी म्हटलं, ‘हो, आता मी’.

संध्याकाळी दूरवर गडगडलं. सेकंद मोजले, चाळीसच्या पुढे गेले, तरी सामान आवरायला घेतलं आणि पाऊस यायच्या आत गाडीत बसलो.

डोंगरवाट, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. ताडपत्री उंच बांधली होती, पण चारनंतरचं पश्चिमेचं तिरपं ऊन खालून आत येत होतं. त्या बाजूला पडदा लावला तर वारा अडेल ना?

डोंगरवाट

पडदा जमिनीपासून दोन वीत वर ठेवा आणि कापड जाळीचं घ्या, शेतात रोपांवर घालतात तसलं हिरवं. ऊन बरंचसं अडतं आणि वारा खालून व जाळीतून येत राहतो. शक्य असेल तर ते अधूनमधून पाणी शिंपडून ओलं ठेवा. पुढच्या वेळची जागा ठरली की कळवा.